मधले पैसे

महागाईवरून आमच्या घरात भांडण होतं ते महिन्याचा किराणा आला की, आणि मशीनवरून होतं ते उसाला तोड आली की. माणसं तीच असतात. थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात, तो सरकारच्या बाजूनं. चुलते अण्णा जन्मभर लाल बावट्याचे. ते सरकारच्या विरोधात, मग सरकार कुणाचंही असो. दादाचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो दोघांचं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "तुम्ही दोघं बी जुन्या हिशेबानं भांडताय." निवडणुकीच्या वर्षात तर वहिनी ताटं वाढायच्या आधी टीव्ही बंद करतात.

मी सांगलीत राहते, गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. नोकरी एका खाजगी कारखान्यात, पगारपत्रकं करायची. महिन्याच्या महिन्याला कुणाला किती मिळालं आणि कुणाचं किती कापलं हे माझ्या डोळ्यांखालून जातं. घरातली भांडणं ऐकताना म्हणूनच माझं लक्ष कोण बरोबर बोलतोय याच्यापेक्षा आकडा कुठून निघून कुठं गेला याकडं जातं. आणि इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालंय की आमच्याकडं दोन भांडणं होतच नाहीत. एकच होतं, आणि त्याला नेमकं नाव दिलं ते वहिनींनी.

२०२४ च्या ऐन गणपतीतली गोष्ट. केंद्र सरकारनं आयात होणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर मूळ शुल्क काहीच नव्हतं ते वीस टक्के झालं, रिफाइंड तेलावर साडेबाराचं साडेबत्तीस. कारण असं सांगितलं की बाहेरचं तेल महाग झालं तर इथल्या सोयाबीनला भाव येईल. दिवाळीच्या फराळाला तेलाचा डबा आणला तेव्हा वहिनींना ते शुल्क कळलं. आणि दादानं सोयाबीन अडत्याकडं नेलं तेव्हा त्याला हमीभाव कळला: सरकारी दर ४,८९२ रुपये क्विंटल, हातात पडलेला त्याच्या बराच खाली. त्या रात्री दादा आणि अण्णा जे भांडले ते ठरल्याप्रमाणं. दादा म्हणाला, निदान शेतकऱ्यासाठी काही तरी केलं. अण्णा म्हणाले, गरिबाच्या कढईतलं तेल काढून घेतलं. वहिनी चकल्या तळत होत्या. त्या म्हणाल्या, "तेल महाग झालं, सोयाबीन स्वस्त गेलं. मग मधले पैसे कुठं गेले?"

दोघंही गप्प झाले, कारण दोघांच्या पक्षाकडं याचं उत्तर नव्हतं.

उत्तर आहे, पण ते घोषणेत बसण्याइतकं लहान नाही. सोयाबीनमध्ये तेल शंभरात अठराच्या आसपास असतं, बाकी बहुतेक पेंड. त्या वर्षी पेंडीला उठाव नव्हता. तेलाचा भाव चढला तरी दाण्याचा भाव पेंडीनं खाली ओढून धरला. शुल्काचे पैसे तिजोरीत गेले, चढलेल्या भावातले काही व्यापारात राहिले, आणि आमच्या घरात एकाच छपराखाली गिऱ्हाईक आणि शेतकरी दोघंही तोट्यात गेले. निर्णयामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण हेतू चांगला होता का वाईट, एवढ्यावरच आपलं सगळं राजकारण अडतं, आणि मधला हिशेब कुणी मांडतच नाही. पुढं २०२५ च्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचं शुल्क निम्मं केलं गेलं. तोवर आमचं सोयाबीन कधीच विकून झालं होतं.

महागाई म्हटलं की सगळे एका आवाजात बोलतात, पण ती प्रत्येकाला वेगळी लागते. आमच्या गल्लीत एक निवृत्त सरकारी कारकून आहेत. सिमल्याच्या लेबर ब्युरोचा निर्देशांक वर गेला की त्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. पेन्शन भावामागून चालत राहते. अण्णा मिरजेच्या एका फौंड्रीत आयुष्यभर भट्टीसमोर उभे राहिले. त्यांना पीएफच्या १९९५ च्या योजनेची पेन्शन मिळते, तिला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. २०१४ च्या सप्टेंबरात या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. अण्णांची त्याच्या थोडी वर आहे आणि निवृत्त झाले त्या दिवशी जी होती तीच आज आहे. ते सरकारच्या नावानं बोटं मोडतात तेव्हा दादा म्हणतो, "अण्णांना कुठलंच सरकार आवडत नाही." मला तसं वाटत नाही. भावाची प्रत्येक वाढ ज्याच्या थाळीतून वजा होते, त्या माणसाच्या रागाला पक्षाचं नाव देऊन बाजूला सारणं हा अन्याय आहे.

लाडक्या बहिणीवरूनही असंच झालं. २०२४ च्या जुलैपासून वहिनींच्या खात्यावर महिन्याला दीड हजार येतात. अण्णा म्हणायचे, एका हातानं देतात आणि तेला-डाळीतून दुसऱ्या हातानं काढून घेतात. दादा म्हणायचा, आजपर्यंत कुणी एवढं तरी दिलं का? शेवटी वहिनींनीच सांगितलं, "तुमचं दोघांचं राहू द्या. माझ्या नावावर, माझ्या खात्यावर, मी न मागता पैसे यायची ही पहिली वेळ हाय." हे वाक्य मी विसरत नाही. दीड हजारानं महागाई भरून निघत नाही हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, कारण बाजाराची पिशवी त्यांच्या हातात असते. तरी त्या पैशाची किंमत त्यांच्या लेखी वेगळी आहे, आणि ती आपल्या वादात धरली जात नाही.

आता मशीनचं.

आमच्या शिवारात ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको; मजुरी जोडीची, उचल टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली. पहाटेच्या थंडीत बायका फडात उतरतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहतात, तान्हं पोर बांधावर पाचटात निजवलेलं असतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर बोललं गेलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून तरण्या बायकांनी पिशवी काढून टाकलेली. ते वाचल्यापासून मी कोयत्याच्या बाजूनं गहिवरून बोलू शकत नाही. हे काम होतं तसं टिकावं असं ज्याला वाटतं त्यानं ते केलेलं नसतं.

अलीकडं फडात मशीन येतं. कोटीच्या घरातली किंमत. सरकारनं त्याला चाळीस टक्के किंवा ३५ लाख, यांतलं जे कमी ते, अनुदान ठेवलं. रात्री दिवे लावून ते सऱ्या कापत जातं आणि आख्ख्या टोळीला दोन-तीन दिवस लागतील तेवढं रान सकाळपर्यंत मोकळं होतं. दादा त्याच्या बाजूनं बोलतो आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. "मजूर येत न्हाईत. आलेत ते खुशाली म्हणून वरचे पैसे मागतात, जेवण मागतात. ट्रॅक्टरवाला एंट्रीचे वेगळे पैसे मागतो. ऊसाला तुरं आलं तरी तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं हिंडायचं. मशीन फोन केला की येतंय." शेतकऱ्याची ही पिळवणूक शहरातल्या लोकांना ठाऊक नसते. ती मजुराच्या हातून होते म्हणून अण्णांसारख्यांना तिच्यावर बोलणं जड जातं, पण ती होते.

मशीनचं दुखणं वेगळं आहे. त्याला साडेचार-पाच फुटांची रुंद सरी लागते, लांब तास लागतात. आडवा पडलेला ऊस आणि ओल असलेलं रान त्याला चालत नाही, म्हणजे दोन एकरांच्या तुकडेवाल्यानं मागंच थांबायचं. पाल्यापोटी वजनात कपात होते. आणि वाढं जातं. हे शेवटचं कुठल्या भाषणात येत नाही. उसाचा शेंडा, ज्याला आम्ही वाढं म्हणतो, तो हंगामभर आमच्याकडच्या म्हशींची वैरण असतो. टोळीतल्या बायका वाढ्याच्या पेंढ्या विकून रोजचा मीठ-मिरचीचा खर्च काढतात. मशीन तो शेंडा छाटून चिंध्या करून रानात उडवतं. मग वहिनी विकतची वैरण आणतात, आणि दुधाचा हिशेब तिथंच तोट्यात जातो. दूध महागलं म्हणून सांगलीत कुणी तक्रार करतो, तेव्हा त्यातला एक धागा या उडालेल्या वाढ्यापर्यंत येतो.

महागाई आणि मशीन मला इथं एकत्र दिसतात. साखर शहरात स्वस्त राहावी असं प्रत्येक सरकारला वाटतं, कारण ती प्रत्येक मतदाराच्या चहात असते. २०१९ च्या फेब्रुवारीत साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढची सहा वर्षं तो हलला नाही. बाजारभाव त्याच्यापेक्षा वर चालला, पण फार वर जाऊ लागला तर लगाम तयार होता. २०२२ च्या जूनपासून साखरेच्या निर्यातीवर बंधनं आली. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ च्या हंगामाला ३५५ वर गेली, आणि ती मोजायचा उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा, पाया दहावरून सव्वादहा टक्क्यांवर. तोडणीची मजुरी २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढवावी लागली, आणि ती वाढ रास्तच होती. आता कारखान्याच्या जागी कुणीही असो, वरून साखरेच्या भावानं आणि खालून उसाच्या दरानं दाबला गेला की तो कुठं वाचवायला बघणार? जिथं माणसं आहेत तिथं. स्वस्त साखरेची मागणी फिरत फिरत फडात येते आणि कोयत्याच्या जागी यंत्र उभं करते. शहरातला माणूस महागाईवर बोलताना या यंत्राचा विचार करत नाही, आणि फडातला माणूस यंत्रावर बोलताना त्या चहाचा.

दादाला मी विचारलं, मशीननं तुझं किती वाचलं? तो म्हणाला, वेळ वाचला. पैसे? एफआरपी ही कारखान्याच्या दारातली किंमत असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करून उरलेले खात्यावर येतात, आणि तो खर्च सगळ्या ऊस उत्पादकांवर सरासरीनं पडतो. दादाचा ऊस मशीननं तुटला काय आणि कोयत्यानं तुटला काय, बिलातली कपात तीच. ज्यांचा रोजगार गेला त्यांना काही मिळालं नाही. वाढं गेलं ते वहिनींचं. मशीनमालक म्हणून आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा आहे, तो हप्त्यानं वाकलाय. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, मधले पैसे.

भाच्याचं म्हणणं यापेक्षा वेगळं आहे आणि मला ते टाळता येत नाही. तो आधी एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन, सांभाळायचा. आता रोबोचा हात जॉब चढवतो-उतरवतो आणि हा एकटा तीन मशीनं बघतो. पगार वाढला, पण कामाच्या पटीत नाही. त्याच्याबरोबर लागलेली पोरं आता ठेकेदाराकडं हंगामी आहेत. तरी तो म्हणतो, "आत्या, रोबो घेतला नसता तर ऑर्डर पुण्याला गेली असती. मग मी बी नसतो." आणि मग तो आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि त्या माळावर हजारो घरं जगली. "तवा भ्यालेल्या लोकांचं ऐकलं असतं तर आज पलूस असतं का?"

त्या उदाहरणावर मी बरेच दिवस विचार केला. नांगराला भिणारे चुकले होते, हे खरं. पण लोखंडी नांगर ज्यानं घेतला तोच तो चालवायचा, रान त्याचं आणि वाढलेलं पीकही त्याच्याच खळ्यावर यायचं. यंत्रानं दिलेलं जास्तीचं कुणाचं, हा प्रश्न पडायला जागाच नव्हती. आजच्या यंत्राचं तसं नाही. रोबोचा मालक एक, चालवणारा दुसरा, त्यानं घरी बसलेला तिसरा आणि त्याच्यामुळं स्वस्त माल मिळणारा चौथा. यंत्र चांगलं का वाईट, हा वाद १९०३ चा आहे. आजचा वाद वाटणीचा आहे आणि तो आपण घालतच नाही.

माझ्या स्वतःच्या कामाचंही तेच झालं. टाइम ऑफिसात आम्ही चौघी होतो. अंगठ्याचं मशीन आलं, मग पगाराचं सॉफ्टवेअर आलं, आता आम्ही दोघी आहोत. गेलेल्या दोघींमधली एक आता घरून शिवणकाम करते. कुणी दुष्टपणा केला नाही. दोन पगार वाचले एवढंच, आणि ते वाचलेले कुठल्या रकान्यात गेले हे माझ्या पत्रकात दिसत नाही.

पण त्याच पत्रकात एक रकाना असा आहे की त्याचा जन्म या वादातूनच झालाय आणि तोही आमच्या जिल्ह्यात. व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. (२०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे.) पोरं येऊन विचारतात, मॅडम, हा कसला कर? १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात एक प्रयोग केला: जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम द्यायचं. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. ७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेनं महाराष्ट्राला तारलं. मग पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला, तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. ज्याला शहरात पगाराची नोकरी आहे त्यानं, ज्याला खेड्यात काम नाही त्याच्यासाठी, दर महिन्याला काही द्यायचं. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानं त्या कराइतकीच भर सरकारनं घालायची असं ठरलं आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमीचा कायदा यायला त्यानंतर २००५ उजाडलं.

हे मला फार मोठं वाटतं. तेव्हाही विधिमंडळात काँग्रेस होती, शेकाप होता, कम्युनिस्ट, समाजवादी, जनसंघ होते. ते एकमेकांशी भांडत होते. तरी, ज्याचं काम गेलं त्याचा खर्च ज्याचं काम टिकलं त्यानं थोडा उचलायचा, या एका गोष्टीवर त्यांनी कायदा केला. आज कुठल्याही पक्षाच्या पोरांना सांगितलं तर पटणार नाही की त्यांच्या पगारातले हे दोनशे रुपये अशा कामासाठी सुरू झाले. खडी फोडायचं आणि पाझर तलावाचं काम सीएनसीवरच्या पोराला उपयोगाचं नाही, हे मला कळतं. त्याला दुसरं काही तरी लागेल: नवं काम शिकेपर्यंत घर चालेल एवढा पगार, आणि शिकवणारं खरं ठिकाण. पण तत्त्व तेच राहील.

ऊसतोडीत तर अशी सोय आधीच केलेली आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं जे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागं दहा रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असा निर्णय आहे. त्या मजुरांच्या मुलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहं काढायची योजनाही त्याच्याच जोडीला आली. हा निर्णय वाचताना एक गोष्ट मला दिसली आणि मी ती जमेल त्याला सांगत सुटले: वर्गणी टनावर आहे, कोयत्यावर नाही. मशीननं तोडलेला टनही टनच. म्हणजे फडातून माणूस गेला तरी त्याच्या नावचे दहा रुपये जात नाहीत. उद्या ते दहाचे वीस करता येतील, मशीनच्या टनाला पंचवीस करता येतील. माथाडी कायद्यानं १९६९ मध्ये हमालांसाठी व्यापाऱ्यांवर लेव्ही बसवलीच होती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत घरी मांडलं. दादा म्हणाला, "म्हणजे अजून एक कपात. शेवटी उसाच्या बिलातूनच जाणार." अण्णा म्हणाले, "कारखान्याच्या नफ्यातून जाईल अशी तरतूद करा की." भाचा म्हणाला, कागदावर नियम असतो, पैसे कुणी भरले का ते आधी बघा. तिघांचंही खरं होतं आणि तिघंही पहिल्यांदाच एकाच आकड्यावर भांडत होते. त्या रात्री कुणी कुणाला अंधभक्तही म्हटलं नाही आणि देशद्रोहीही म्हटलं नाही.

दादा कारखान्याचा सभासद आहे. वार्षिक सभेला लेखी प्रश्न देता येतात, हे त्याला ठाऊक होतं पण त्यानं कधी दिलेला नव्हता. या वर्षी द्यायचा ठरवलंय. मसुदा अण्णा सांगतात, मी लिहिते. पहिला प्रश्न: गेल्या हंगामात किती टन ऊस मशीननं तुटला, किती हातानं, आणि टनाला दोन्हींचा खर्च काय आला? दुसरा: महामंडळाचे टनामागचे दहा रुपये आजवर किती भरले, किती बाकी आहेत? तिसरा वहिनींचा: मशीनच्या फडात वाढं जातं त्याची भरपाई बिलात कुठं दिसते? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्या सभासद नाहीत, पण प्रश्न दादाच्या सहीनं जाईल.

चौथ्यावर आम्ही अडलोय. मशीननं वाचलेले पैसे आधी उत्पादकाच्या बिलात यावेत की आधी टोळ्यांच्या पोरांच्या वसतिगृहाला जावेत? दादा बिलावर अडून आहे, अण्णा वसतिगृहावर. मी अण्णांच्या बाजूनं आहे आणि तसं दादाला तोंडावर सांगितलंय. त्यानं दोन दिवस माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला: निम्मं-निम्मं लिहिलं तर अण्णा ऐकतील का, विचार.